आईनं सोडवलेली जट

फणीचा दात टाळूला लागला की माझी लेक अशी किंचाळायची की कळंब्याच्या आमच्या गल्लीत नवीन आलेला माणूस थांबून विचारायचा, पोराला चटका बसला काय. जुनी माणसं विचारायची नाहीत. सकाळचे साडेसात झाले, वेणीची वेळ झाली, एवढंच ती समजायची.

तिचं सगळं असंच होतं. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून कॉटखाली जायची आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसमोर, जिथं आपल्यालाच आपलं बोलणं ऐकू येत नाही, तिथं पट्टा फिरताना बघत तास तास उभी राहायची. गिरणीवाल्यानं तिच्यासाठी एक रिकामा डबा उपडा घालून ठेवला होता. ती त्यावर कधी बसली नाही, पण डबा जागेवरून हलवलेला तिला चालायचा नाही. चार वर्षांची झाली तरी आई-बाबा म्हणत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. पण मी कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीत शिरलो की माझ्या चपलांच्या आवाजावर दारात येऊन उभी राहायची, आणि माझ्याकडं न बघता माझ्या शर्टाचं खालचं बटण धरायची. तेच बटण. दुसरं कुठलं नाही. त्या एका बटणाचा दोरा बायकोनं दर महिन्याला नवा घातलाय.

मी आमच्या भावकीतला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम. हे मी विचारलं नाही तरी सांगतो, मला त्याची लाज वाटत नाही. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचे, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची. मी शिकलो आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो. वडील गेल्यावर आईला गावाकडून कळंब्याला आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढं थोडं अंगण. स्टोअरमध्ये कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे हे मी डोळे मिटून सांगायचो. जगातली सगळी अडचण नीट वाचली की सुटते, असा माझा पक्का समज होता.

म्हणून महिन्यातून एकदा पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला तेव्हा मी पहिल्यांदा तो कागदावर लिहून घेतला. स्पेलिंग विचारून. पुढं 'स्वमग्नता' हा मराठी शब्द रुळला, तेव्हा तो निदान माझ्यापर्यंत तरी आला नव्हता. बाई म्हणाल्या, औषध नाही, यात तुमचा कुणाचा दोष नाही, मुलगी शिकेल पण तिच्या पद्धतीनं शिकेल, तिला काय आवडतं ते बघत चला. चार मुलांत बसायची सवय लागली तर फार बरं, असंही म्हणाल्या. घरी येऊन मी आईला समजावून सांगायला बसलो. पोरगी आपल्याच आत असते, असं काहीतरी म्हणालो. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग भाईर काय ठेवलंय?"

फणीचा नाद आम्ही सोडून दिला. बायको दीड वर्ष रोज सकाळी झटली आणि एक दिवस म्हणाली, अहो, ही वेणी आता बास, मला रोज पोरीचा छळ करायचा नाही. बारीक केस ठेवावेत म्हणून मी तिला सलूनमध्ये नेलं, तर मशीनचा आवाज सुरू होताच तिनं न्हाव्याच्या मनगटाला चावा घेतला. तो बिचारा चांगला माणूस. म्हणाला, पावणं, पुढच्या वेळी आणू नका. तेव्हा केस वाढत राहिले. अंघोळीला वरून पाणी, एवढीच त्यांची सेवा.

उजव्या कानाच्या मागची एक बट ती सारखी बोटाला गुंडाळायची. झोप आली की, घरात पाहुणे आले की, कुकर लागला की. गुंडाळायची, सोडायची, ओलं बोट पुन्हा फिरवायची. त्या बटेचा गुंता झाला, गुंत्याची दोरी झाली, आणि पावसाळा संपता संपता अंगठ्याएवढी जाड, काळी, कडक अशी एक जट तिच्या मानेवर लोंबायला लागली.

पलीकडच्या घरातल्या मावशी आंबील द्यायला आल्या आणि ते बघून उंबऱ्याबाहेर चपला काढून परत आत आल्या. हात जोडले. म्हणाल्या, यल्लमाची जट हाय ही, हिला फणी लावू नगासा, कात्री तर लांबच. पोर बोलत न्हाय, कुणाकडं बघत न्हाय, आता कळलं का ते.

झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीतल्या बायका हळदी-कुंकू घेऊन यायला लागल्या. गंमत बघा, अंगाला कुणी बोट लावलेलं जिला सोसत नव्हतं, तिच्याच पायाला हात लावायला बायकांची रांग. ती पाय पोटाशी घेऊन कॉटखाली जायची आणि बाहेर मावशी म्हणायच्या, बघा, देवी लाजली. मी घरी असलो की भांडायचो. हा केसांचा गुंता आहे, तेल-पाणी नाही म्हणून झालाय, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात हे चालत नाही. मावशी शांतपणे म्हणायच्या, तुमच्यात चालत नसंल भावजी, तिच्यात चालतंय की.

मला राग यायचा तो आईचा. ती एक शब्द बोलायची नाही. कुंकू लावलेलं पुसायची, पण कात्रीचं नाव काढलं की उठून अंगणात जायची. एकदा मी चिडून म्हणालो, आपल्या घरात धर्मांतराला एवढी वर्षं झाली, देव नदीत सोडून दोन पिढ्या झाल्या, आणि तू अजून जटेला भितेस?

तेव्हा आईनं पहिल्यांदा तिच्या थोरल्या बहिणीबद्दल सांगितलं. मला सख्खी मावशी होती हेच मला माहीत नव्हतं. आईचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. बहिणीला ती अक्का म्हणायची. अक्का नऊ वर्षांची असताना तिच्या डोक्यात जट आली. तापात पडली होती, दोन महिने कुणी केस विंचरले नव्हते. घरच्यांनी सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन तिला देवीला सोडली. मग गळ्यात दर्शन म्हणतात ती मोत्यांची माळ, डोक्यावर देवीची परडी, आणि मंगळवार-शुक्रवार दारोदार जोगवा. तिचं लग्न झालं नाही. तिचं पुढं काय काय झालं ते आईनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"देव नदीत सोडलं रे," आई म्हणाली. "अक्काला कुटं सोडायची?"

मग मला तिची भीती कळली. तिला दोन्हीकडून धाक होता. जट ठेवली तर पोर हातची जाणार, आणि कापली तर कोप होणार. कापलेल्या घरात त्याच महिन्यात माणूस गेलेलं तिनं लहानपणी बघितलं होतं. पोरीला देवीला सोडायची आमच्यावर कुणी जबरदस्ती करणार नव्हतं, कायदाही होता. पण मावशींचा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगण्याचा सपाटा असा, की पोरगी हळूहळू गल्लीच्या नजरेत देवीची होऊन बसली असती. आणि एकदा तशी झाली की तिला शिकवायची, बोलतं करायची कुणाला गरज वाटली नसती. देवीला कोण शिकवतंय?

त्याचा पुरावा लगेच मिळाला. पलीकडच्या चौकात बालवाडी होती. तिथल्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या, मी घेते तुमच्या मुलीला, बोलत नाही तर नाही. पण दोन आयांनी आधीच येऊन सांगितलंय, देवीचं पोर आमच्या पोरांत बसवू नका, आमच्या पोरानं ढकललं-बिकललं तर कोप आमच्या घरावर. तेवढं डोकं नीट करून आणा, जूनमध्ये मी नाव घालते.

म्हणजे जूनपर्यंत वेळ होता. मी बी.कॉम. माणूस, मला एवढा वेळ कशाला लागतोय.

एका रविवारी दुपारी आई लक्ष्मीपुरीच्या बाजाराला गेली होती. बायको मागं धुणं धूत होती. लेक कॉटवर झोपली होती, बोट जटेत. मी स्टोअरमधली नवी कात्री आणली होती, रीतसर सही करून. बोट हळूच बाजूला केलं आणि कात्री लावली. जट केसासारखी कापली जात नाही, हे मला माहीत नव्हतं. ती दोरखंडासारखी कातरत बसावी लागते. निम्म्यात आली आणि लेक उठली.

त्या ओरडण्याबद्दल मी लिहू शकत नाही. फणीचं ओरडणं मला पाठ होतं, हे ते नव्हतं. निम्मी कातरलेली जट दोन्ही हातांत धरून ती कॉटखाली गेली आणि बाजारातून आई येईपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय, ओरडून किंवा सर्दीनं. गल्ली काय म्हणाली ते सांगायला नको. मावशींनी आमच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवला. आईनं तो उचलून कुंपणापलीकडं टाकला, मला मात्र काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

लेक चौथ्या दिवशी बरी झाली. पण संध्याकाळी मी बसमधून उतरून गल्लीत आलो तर दारात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या चपला वाजल्या की ती आतल्या खोलीत जायची. शर्टाचं बटण महिनाभर तसंच राहिलं, त्याचा दोरासुद्धा ढिला झाला नाही.

मी बायकोला म्हणालो, मी तिच्याच भल्यासाठी केलं. ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "तुमी आन त्या मावशी एकच. दोघांनी तिचे केस बघितले. तिचा हात कवा तिकडं जातोय, ते कुणी बघितलंय?"

अडचणीत सापडल्यावर माणूस काहीतरी धरतो. तिनं जे धरलं होतं, तेच मी झोपेत काढून घ्यायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं वाक्य कागदावर लिहिलेलं होतं, घडी घालून पाकिटात. तिला काय आवडतं ते बघत चला.

चैत्र लागला. कडक ऊन पडायला लागलं की आई वाकळा शिवायला काढायची. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी धुवून वाळवायच्या, थरावर थर अंथरायचे आणि जाड सुईनं कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचं. आमच्याकडची वाकळ म्हणजे हलकं काम नव्हे, अंगावर घेतली तर माणूस जागेवर दाबून बसतो. आईनं अंगणात सावलीला वाकळ अंथरली, मांडीवर एक कड घेतली आणि शिवायला बसली. थोड्या वेळानं बघतो तर लेक त्या वाकळेखाली शिरलेली. सगळं ओझं अंगावर घेऊन पालथी पडलेली, फक्त डोकं बाहेर, आजीच्या गुडघ्याला टेकलेलं. हात सैल. बोट जटेत नव्हतं.

आईनं दोरा संपेपर्यंत टाके घातले. दोरा संपला. नवीन ओवण्याआधी तिनं सुईचं बोथट टोक खोबरेल तेलात बुडवलं आणि जटेच्या अगदी खालच्या टोकातून एक केस उचलला. एक. मग दुसरा. तिसऱ्याला लेकीनं मान हलवली. आईनं लगेच हात काढला, दोरा ओवला आणि परत वाकळ शिवायला लागली.

मी दारात उभा होतो. हळू आवाजात म्हणालो, आई, तू तर हात लावायला भीत होतीस.

"कापली तर कोप," आई म्हणाली. "सोडवली तर कसला कोप? गुता सोडवू नये आसं कुटं सांगितलंय?"

एवढे महिने ती याच पेचात होती आणि तो तिनं असा काढला. मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. देवीशी भांडण नाही, गल्लीशी नाही, पोरीशी तर नाहीच.

मग तो रोजचा नेम झाला. एक दोरा शिवण, मग चार-सहा केस, मग परत एक दोरा. आठवडाभरात लेकीला त्याचा हिशोब कळला. दोरा आखूड होत आला की ती आपणहून डोकं सरकवायची. आणि दोरा एखाद्या वेळी लांब निघाला, तिच्या अंदाजापेक्षा टाके जास्त पडले, की वाकळेखालून नाराजीचा आवाज यायचा. आई म्हणाली, हिला सगळं मापात लागतंय, मला डोळ्यानं दिसत न्हाय, तूच काप दोरे, तुझं कामच हाय ते.

मला काम मिळालं. रविवारी सकाळी बसून मी आठवडाभराचे दोरे कापायचो. फूटपट्टी लावून, सगळे एका लांबीचे, पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यात अडकवून ठेवायचो. सुरुवातीला लेक माझ्यापासून चार हात लांब बसायची. तिसऱ्या रविवारी ती जवळ आली आणि कापलेला एक दोरा घेऊन पट्टीवर ठेवून बघितला. बरोबर होता. तो तिनं खाचेत अडकवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. मी दोन वर्षं तिला रंगीत ठोकळे देऊन जे शिकवत होतो, दे आणि घे, ते तिनं त्या दिवशी पांढऱ्या दोऱ्यावर केलं. पुठ्ठा भरेपर्यंत आम्ही दोघं दोरे अडकवत बसलो. मला उठावंसं वाटेना. बायकोनं चहा आणून ठेवला तो निवून गेला.

जटेतले केस जास्त जास्त सुटत गेले तसं बोटाला गुंडाळायला दुसरं काहीतरी हवं झालं. आईनं एका लुगड्याचा काठ कापून त्याची घट्ट वेणी घातली आणि तिच्या फ्रॉकच्या खिशाला टाचली. दोन दिवस लेकीनं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी कुकर लागला तेव्हा हात खिशात गेला.

मधूनच एखादा वाईट दिवस यायचा. पाहुणे आले की सगळा नेम मोडायचा. एकदा उन्हाळी वळवाचा पाऊस आला, वाकळ घाईघाईत उचलावी लागली आणि त्या गडबडीत लेकीनं सुटलेला भाग पुन्हा गुंडाळून ठेवला. चार दिवसांचं काम गेलं. बायको रडकुंडीला आली. आई म्हणाली, जाऊंदे, वाकळंला अजून दोन थर घालू. आणि खरंच घातले. त्या वर्षी आमची वाकळ इतकी जाड झाली की उचलायला दोन माणसं लागायची.

मी जिथं कात्री मारली होती तिथं सगळ्यात जास्त दिवस गेले. आखूड तुटके केस, चिमटीत येत नव्हते. आई तिथं आली की माझ्याकडं बघायची. मी तेलाची वाटी पुढं सरकवायचो.

जून लागायच्या आदल्या आठवड्यात शेवटची गाठ सुटली. कुणी आरडाओरडा केला नाही. आईनं सुई पुसून डबीत ठेवली, सुटलेल्या बटेवरून तेलाचा हात फिरवला आणि बसून राहिली. केस उजव्या बाजूला निम्मे आखूड, निम्मे लांब, माझ्या कर्तबगारीचा दाखला. लेक वाकळेखालीच होती. आई तिच्याकडं बघत म्हणाली, "अक्काची बी सुटली असती की रे. दोन म्हैन्याचं तर काम."

मी आईच्या शेजारी बसलो.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या, बघून दचकल्या. आईनं त्यांना ठणकावून सांगितलं, कापली न्हाय, सोडवलीया, केस जाग्यावर हाय, मोजून घे. मावशींनी वाकून लांबूनच केस बघितले. मग म्हणाल्या, सुटली म्हंजे तिनंच सुटू दिली. आईनं मान डोलवली. त्यांचा हिशोब त्यांच्यात मिटला. मी मध्ये पडलो नाही, तेवढं शिक्षण माझं झालं होतं.

बालवाडी सुरू झाली त्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही चौघं गेलो. बाईंनी फॉर्म दिला, तो मी स्वच्छ अक्षरात भरला, पालकाचं शिक्षण या रकान्यात बी.कॉम. लिहिलं आणि सही केली. आत पंधरा-वीस पोरं रडत, ओरडत होती. लेक दारात थबकली, एक हात खिशात, दुसरा माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाला. बाईंना तिचं कौतुक वाटलं असणार. त्या वाकल्या, म्हणाल्या, ये गं बाळ, किती छान केस झाले तुझे, आणि त्यांचा हात तिच्या डोक्याकडं गेला.

"बाई," मागून आई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रडणारी दोन पोरं गप्प झाली. "डोस्क्याला हात लावायचा न्हाय. तिला इचारल्याबिगर कुणीच न्हाय."

बाईंनी हात मागं घेतला. जरा गोंधळल्या. मग आईकडं बघून त्यांनी विचारलं, बोलत नाही तर विचारायचं कसं?

"हात तिच्या म्होरं धरायचा," आई म्हणाली, "आन थांबायचं."

बाईंनी हात पुढं धरला आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. आत पोरांनी पाटी फोडली, तरी त्या हलल्या नाहीत. लेकीनं त्यांच्या हाताकडं बघितलं, मग बोटांतल्या अंगठीकडं. माझं बटण सोडलं आणि ती अंगठी बघायला एक पाऊल आत गेली.